आई, मी वाळले नाहीये

प्रिय आई आणि बाबा,

परवा व्हिडिओ कॉलवर आई तू मला बघून एकदम गप्पच झालीस, आणि मग म्हणालीस की अगं किती वाळलीस, गळ्याची हाडं दिसायला लागली, खातेस की नाही काही. फोन ठेवल्यावर मला लवकर झोपच लागली नाही, कारण मला माहितीये तू आता तिकडे सोलापुरात काळजी करत बसणार आणि बाबांना म्हणणार पोरीला काहीतरी झालंय आणि ती सांगत नाहीये. फोनवर तू मला मधेच तोडतेस म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय, बाबांना मोठ्यांदा वाचून दाखवायला सांग.

मला काहीही झालेलं नाही. ठरवून वजन कमी केलंय. मार्चमध्ये ७४ किलो होते, आता ६६ आहे, आठ महिने लागले. माझी उंची ५ फूट २ इंच, त्या मानाने ७४ म्हणजे खूपच होतं. डॉक्टर म्हणाल्या की आपल्या लोकांमध्ये पोटावर चरबी लवकर साठते त्यामुळे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा, २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ च्या वर लठ्ठपणाच धरायचा, आणि माझा जवळजवळ ३० होता. म्हणजे अजूनही मी वाळलेली नाहीच, अजून सहा-सात किलो जायचेत. आणि उपाशी तर एक दिवसही राहिले नाहीये.

एक गोष्ट तुम्हाला तेव्हा सांगितली नव्हती ती आता सांगते. तीन वर्षांपूर्वी मी आमच्या इथल्या एका वजन कमी करून देणाऱ्या सेंटरमध्ये नाव घातलं होतं, ते सकाळ-संध्याकाळ जेवणाऐवजी पावडरचा शेक प्यायला लावायचे, दोन महिन्यांत सात हजार गेले, पाच किलो कमी झाले आणि शेक बंद केल्यावर सहा किलो परत आले. तेव्हा खूप रडले होते मी. वाटलं आपल्यातच काहीतरी कमी आहे, आपल्याला मनावर ताबाच नाही. यावेळी डॉक्टरांनी पावडर वगैरे काही दिलं नाही, त्यांनी फक्त विचारलं की घरात सामान कोण भरतं, मी म्हटलं मीच, तर म्हणाल्या मग पुढच्या वेळी महिनाभराच्या किराण्याची पावती घेऊन या.

त्या पावतीनेच माझे डोळे उघडले. आम्ही तिघं माणसं आणि महिन्याला ५ लिटर तेल. त्यांनी माझ्यासमोरच गणित केलं, माणशी रोजचं जवळपास ५० ग्रॅम तेल होतं, एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे रोजच्या साडेचारशे कॅलरी नुसत्या तेलाच्या, आणि मी मात्र एक पोळी कमी खाल्ली की समाधान मानत होते. बाबा तुम्ही २०२५ च्या मन की बातमध्ये ऐकलं होतं नं, पंतप्रधान म्हणाले होते तेल १० टक्के कमी करा, तेव्हा तुम्ही मला फोन करून सांगितलेलं आणि मी हो हो म्हणून सोडून दिलं होतं. आता मी महिन्याला २ लिटरच आणते, घरात जास्त असलं की हात सैल सुटतो म्हणून तिसरी पिशवी आणतच नाही. आणि आई, लाकडी घाण्याचं असलं तरी कॅलरी तेवढ्याच असतात गं, वास आणि चव छान असते हे खरं, पण घाण्याचं आहे म्हणून दोन पळ्या जास्त घातलं तर वजन वाढणारच.

मग मी मॉलमध्ये जाऊन ते हेल्थवालं कपाट असतं नं, त्याच्यासमोर उभी राहून एकेक पाकीट उलटं करून वाचायला लागले. अक्षर इतकं बारीक की मोबाईलने फोटो काढून मोठा करून वाचावं लागतं. एक नियम लक्षात ठेवा, पाकिटावर जे जे घातलंय ते वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावं लागतं, जे सगळ्यात जास्त ते पहिलं. मी जी डायजेस्टिव्ह बिस्किटं वर्षानुवर्षं चांगली समजून आणत होते त्यावर पहिलं नाव रिफाईंड व्हीट फ्लोअर, म्हणजे आपला मैदा, त्यानंतर पाम तेल, साखर, आणि तो कोंडा ज्याच्या नावाने विकतात तो कुठेतरी नंतर. शंभर ग्रॅमला साडेचारशे-पाचशे कॅलरी, साध्या बिस्किटाइतक्याच. मल्टीग्रेन आटा बघितला तर त्यात गहूच ९० टक्के आणि बाकीची सगळी धान्यं मिळून उरलेल्या दहा टक्क्यांत. साखर पण एका नावाने येत नाही, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज अशी तीन-चार नावं मधे मधे पेरलेली असतात त्यामुळे साखर पहिल्या नंबरवर दिसतच नाही. त्या दिवशी मी दीड तास उभी होते आणि शेवटी फक्त एक ताकाचं पाकीट घेऊन बाहेर आले.

बाबा, आता तुमच्याकडे येते, कारण खरं तर हे पत्र जास्त तुमच्यासाठीच आहे. तुमचं ते तीन महिन्यांच्या साखरेचं, एचबीए१सी, ६.३ आलंय. ५.७ पासून ६.४ पर्यंत म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर, ६.५ ला डायबेटिस. डॉक्टर म्हणालेत अजून गोळी नको, आधी खाणं आणि चालणं बघू, ही संधी आहे बाबा. दिवाळीत मी आईच्या शिवणाच्या टेपने तुमचं पोट मोजलं तेव्हा १०२ सेंटिमीटर भरलं, पुरुषांचं ९० च्या आत पाहिजे. तुम्ही हसण्यावारी नेलंत पण मला तो आकडा आत कुठेतरी टोचून राहिलाय.

तुम्ही बदल करताय हे मला दिसतंय. शुगर फ्री बिस्किटं आणता, डाएट चिवडा आणता, चहात साखरेऐवजी गूळ घालता. पण बाबा शुगर फ्री बिस्किटात पण मैदा आणि तेल तेच, मैद्याची शरीरात जाऊन साखरच होते. डाएट चिवडा खाताना आपण डाएट आहे म्हणून दुप्पट खातो. आणि गूळ, शंभर ग्रॅम साखरेला चारशेच्या आसपास कॅलरी तर गुळाला पावणेचारशेच्या वर, रक्तातली साखर दोन्हीनेही वाढते. तुम्ही दिवसाला चार कप चहा घेता, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे आठ चमचे, तिथेच ३५-४० ग्रॅम झालं, जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात २५ ग्रॅमच्या आत ठेवलेलं बरं असं म्हणते. एकदम बंद नका करू, पंधरा दिवसांनी अर्धा अर्धा चमचा कमी करा, मी तसंच केलं, आता मला पूर्वीचा चहा पाकासारखा लागतो. आणि रात्री दुधात घालता ती चॉकलेटी पावडर, त्या डब्यावर पण साखर किती ते वाचा. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाईन विकणाऱ्यांना सांगितलं होतं की असली पेयं हेल्थ ड्रिंकच्या यादीतून काढा, कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात हेल्थ ड्रिंक म्हणजे काय याची व्याख्याच नाहीये. नुसतं दूध प्या, चिमूटभर हळद किंवा जायफळ घालून.

मला माहितीये तुमच्यासाठी बाजार म्हणजे नुसता बाजार नाही. मी लहान असताना संध्याकाळी तुमच्या सायकलची घंटी वाजली की मी धावत यायचे आणि हँडलची पिशवी आधी चाचपून बघायचे, कागद गरम लागला की भजी, कुरकुर वाजला की खारी. आजही तुम्ही नातवासाठी, चिनूसाठी तसंच आणता, तो सुट्टीत आला की रोज एक पुडा. मला ते तुमच्याकडून काढून घ्यायचं नाहीये. पिशवी तशीच राहू दे, फक्त त्यात दुसरं काही येऊ दे. पेरू आणा, बोरं आणा, हरभऱ्याचे डहाळे, हिवाळ्यात हुरडा, भाजलेले फुटाणे. चिनू सोलत बसतो, तासभर मोबाईल मागत नाही.

लक्ष्मी मंडईत जाल तेव्हा आधी भाजी घ्या आणि मग किराण्याच्या दुकानात जा. मी आता हेच करते, आठवडे बाजारात शेतकऱ्यांकडून मेथी, चाकवत, अंबाडी, शेपू, दोडका, गवार जे दिसेल ते घेते, आणि पिशवी जड झाली की आपोआप बिस्किटं घ्यायला हात रिकामा राहत नाही. आणि जेवून जा. तुम्हीच मला शिकवलंय नं, उपाशीपोटी बाजारात गेलं की डोळे खरेदी करतात.

आई, आता मी काय खाते ते ऐक म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. सकाळी मूग किंवा मटकीची उसळ वाटीभर, दुपारी दोन भाकऱ्या, पातळ वरण, भरपूर पालेभाजी, काकडी नाहीतर मुळा, आणि ताक. रात्री तेच पण एकच भाकरी. मधे भूक लागली तर एक मूठ शेंगदाणे. मूठच, कारण शंभर ग्रॅम शेंगदाण्यात २५ ग्रॅम प्रोटीन असलं तरी साडेपाचशेच्या वर कॅलरी आहेत, तुझी शेंगाचटणी मी म्हणूनच चमचाभर घेते, वर तेल न घालता दह्यात कालवून. ओट्स आणणं बंद केलं. बाबा तुम्ही दरवर्षी मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी पाठवता आणि मी ती निम्मी इथे शेजाऱ्यांना वाटून टाकत होते, आज कबूल करते. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं तेव्हा ऑफिसात सगळे ज्वारी ज्वारी करत होते, मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचं सरकारी मानांकन, मिळालंय हे मला एका पंजाबी मैत्रिणीने सांगितलं, आणि माझ्या घरात ते पोतं बाल्कनीत पडलेलं. आता मी गिरणीतून आठवड्याला दोनच किलो दळून आणते, ताजं पीठ असलं की भाकरी थापताना चिरत नाही. सुरुवातीला कडा फाटायच्या, मग तू म्हणायचीस तसं पाणी उकळून उकड घेतली, आता टम्म फुगते. पण भाकरी म्हणून मोजायची नाही असं नाही हं, चार खाल्ल्या तर पोळीसारखंच.

तुझ्या एकादशीचं पण बोलायचंय, रागावू नकोस. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च आहे, प्रोटीन नावालाही नाही, वर तूप, बटाटा. गुडघे दुखतात म्हणतेस, त्यांच्यावरचं ओझं कमी व्हायला हवं नं. राजगिरा आण, त्यात शंभर ग्रॅमला १३-१४ ग्रॅम प्रोटीन असतं, त्याची भाकरी कर, सोबत भोपळ्याचं भरीत. उपास मोडत नाही आणि दुपारी गळून पण जायला होत नाही.

बाबा, पुढच्या महिन्यात दादा हुतात्मा एक्सप्रेसने येतोय, त्याच्याबरोबर ज्वारी पाठवाल तेव्हा हुलगे पण दोन किलो टाका. इथे मॉलमध्ये मिळत नाहीत धड, आणि मला शेंगोळे करायचेत, आई रेसिपी फोनवर सांग, लसूण किती घालतेस ते मला कधीच जमलं नाही. आणि येताना दादाकडे तुमच्या घरातल्या किराण्याची या महिन्याची यादी लिहून द्या, दुकानदाराच्या चिठ्ठीचा फोटो पण चालेल. मी नुसती बघते, काही बोलणार नाही. टेप आईच्या मशीनच्या ड्रॉवरमध्ये आहे, दर पहिल्या तारखेला सकाळी चहाच्या आधी बेंबीवरून मोजायचं, आणि आकडा मला पाठवायचा, कमी झाला असो की वाढलेला असो.

तुमची
मनू