आमच्या मार्गदर्शिकेची वेबपानं घडवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सादर नमस्कार.

आमची मार्गदर्शिका आता मोबाइलवर नीट वाचता येते, तिच्यात शोधता येतं आणि हव्या त्या उपविभागाची लिंक कोणालाही पाठवता येते. हे तुमच्यामुळे झालं. फोनवर आभार मानलेच होते, पण हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितो आहे. असे जाडजूड दस्तऐवज किती तरी लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये पडून असतात. वेबवर टाकायची वेळ आली की पीडीएफ चढवायची आणि मोकळं व्हायचं, एवढीच वाट बहुतेकांना ठाऊक असते. तुम्ही दाखवलेली वाट त्यांनाही कळावी.

तीनशेच्या वर पानं, तळटीपा, तक्ते, आकृत्या आणि अनेक वर्षांत अनेक हातांनी लिहिलेला मजकूर, अशी ती फाइल होती. वर्डमधून 'वेब पेज' म्हणून सेव्ह केली तर पान उघडत होतं, दिसतही ठीक होतं. तुम्ही त्याचा सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, उघडलात. साध्या साध्या वाक्यांभोवती 'एमएसओ'ने सुरू होणाऱ्या सूचनांची गर्दी होती. ती फाइल पुन्हा वर्डमध्ये उघडली तर जशीच्या तशी दिसावी म्हणून वर्ड हे सगळं सोबत ठेवतो, वाचणाऱ्याला त्याचा काडीचाही उपयोग नाही, हे तुम्ही समजावलंत. 'फिल्टर्ड' पर्याय निवडला तर गर्दी कमी होते, पण खरा प्रश्न तसाच राहतो, हेही सांगितलंत.

तो खरा प्रश्न तुम्ही ज्या पद्धतीने दाखवलात, त्यासाठी तुमचे विशेष आभार. वर्डच्या डॉक्स (.docx) फाइलची एक प्रत घेतलीत, तिचं एक्स्टेन्शन बदलून झिप केलंत आणि ती उघडलीत. आत फोल्डर, चित्रं वेगळी आणि सगळा मजकूर एका एक्सएमएल फाइलमध्ये, म्हणजे कोणता भाग काय आहे याच्या खुणांसकट. त्यात दोन शीर्षकं शेजारीशेजारी ठेवलीत. कागदावर दोन्ही हुबेहूब सारखी. एकावर 'हेडिंग २' ही स्टाइल, म्हणजे वर्डमधला शीर्षकाचा ठरलेला प्रकार, नोंदलेली होती. दुसऱ्यावर फक्त ठळक आणि ३२ एवढंच, कारण वर्ड अक्षरांचा आकार अर्ध्या पॉइंटांत मोजतो आणि ते शीर्षक १६ पॉइंटांचं होतं. "हे माणसाला शीर्षक वाटतं, मशीनला नुसती मोठी अक्षरं," असं तुम्ही म्हणालात. त्यानंतर आमच्यापैकी कोणीही 'चांगला कन्व्हर्टर कोणता' हा प्रश्न पुन्हा विचारला नाही.

मग तुम्ही आम्हाला आधी मूळ फाइलच दुरुस्त करायला लावलंत. एका खोट्या शीर्षकावर कर्सर ठेवायचा, सारख्या फॉरमॅटिंगचा सगळा मजकूर निवडायचा आणि एकदम खरी स्टाइल लावायची. शेजारच्या नॅव्हिगेशन पट्टीत प्रकरणांचा सांगाडा हळूहळू उभा राहताना बघणं फार समाधानाचं होतं. अंतर सोडण्यासाठी मारलेले रिकामे एंटर गेले, हाताने टाइप केलेले क्रमांक जाऊन खऱ्या याद्या आल्या. हे कंटाळवाणं काम आहे आणि ते टाळता येत नाही, हे तुम्ही पहिल्यापासून स्पष्ट सांगितलंत. म्हणूनच ते पार पडलं.

पॅनडॉक, म्हणजे दस्तऐवज एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलणारा प्रोग्रॅम, चालवायला त्यानंतर काहीच वेळ लागला नाही. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक असलेल्या जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ मध्ये हे साधन प्रसिद्ध केलं आणि ते आजही सगळ्यांना मोफत आहे, हे तुमच्याकडूनच कळलं. त्यांचेही इथे आभार. शीर्षकं पायरीप्रमाणे आली, चित्रं वेगळ्या फोल्डरमध्ये निघाली. तळटीपा तर इतक्या सुरेख आल्या की टिपेवरून परत मजकुरात जायची लिंकसुद्धा आपोआप मिळाली. वर्डमध्येच स्मार्टआर्टने काढलेल्या आकृत्या तेवढ्या चित्र म्हणून वेगळ्या काढाव्या लागल्या.

एका ठिकाणी तुम्ही वेळीच थांबवलंत. सफाई करताना सगळी अदृश्य चिन्हं एकदमच काढून टाकावीत असं ठरत होतं. नॉन-ब्रेकिंग स्पेस (ओळ तुटू न देणारी मोकळी जागा) खुशाल बदला, पण झीरो विड्थ जॉइनरला (अक्षरं कशी जोडायची हे सांगणाऱ्या अदृश्य चिन्हाला) हात लावू नका, असं तुम्ही बजावलंत. काही कीबोर्डांवर 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा र याच चिन्हाच्या आधाराने उमटतो. चिन्ह गेलं की तिथे रफार बसतो आणि पानोपानी 'दुसर्या' वाचावं लागतं. मराठी मजकुराची इतकी काळजी घेणारं तांत्रिक माणूस भेटणं हे आमचं भाग्य.

लिंकांबाबतही तसंच. देवनागरी शीर्षकावरून आपोआप तयार झालेली लिंक कॉपी केली की एकेका चिन्हाची नऊ नऊ चिन्हं होतात आणि शीर्षकात शब्द बदलला तर जुनी लिंक चुकते. तुम्ही प्रत्येक विभागाला छोटी, कायमची ओळख देऊन ठेवलीत.

आणि हे सगळं ज्यांच्यासाठी, त्यांच्याबद्दल. आमचे एक वाचक स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, वाचतात. पूर्वी त्यांना पीडीएफ सुरुवातीपासून ऐकत जावं लागे. आता ते शीर्षकांवरून उड्या मारत हव्या त्या जागी पोहोचतात. तक्त्याच्या पहिल्या ओळीला शीर्षओळ म्हणून खूण केल्यामुळे आकड्याबरोबर स्तंभाचं नावही ऐकू येतं. चित्रांची वर्णनं तुम्ही स्वतः न लिहिता लेखकांकडूनच आग्रहाने लिहून घेतलीत, तेही किती योग्य होतं हे त्या वाचकांनीच आम्हाला कळवलं.

नवीन प्रकरणं आता तुम्ही दिलेल्या टेम्प्लेटमध्येच लिहिली जातात. परिशिष्टातले जोडलेल्या चौकटींचे काही तक्ते बाकी आहेत. ते तुमच्या सूचनेप्रमाणे साध्या तक्त्यांत फोडायला घेतले आहेत. झाले की लिंक पाठवतो, एकदा नजर टाका.

मनापासून आभार, ताई.

आपला नम्र,
मार्गदर्शिकेच्या संपादन गटातला एक सहकारी