मागच्या ॲक्सलवरचे वजनही सांगा

महोदय,

प्लग-इन हायब्रीड, म्हणजे इंजिनही आणि चार्ज करायची बॅटरीही असलेल्या, एसयूव्हीबद्दल छापून येते ते मायलेज, चार्जिंग आणि किंमत. वळणावर गाडीची मागची बाजू कशी वागते, याबद्दल अवाक्षर नसते. एसटीच्या वर्कशॉपमध्ये पाटे, बुश (सांध्यांतली रबरे) आणि शॉकअब्सॉर्बर बदलण्यात माझी सारी नोकरी गेली, म्हणून लिहितो.

माझ्या पुतण्याची अशी गाडी रिकामीच सव्वादोन टन भरते. पाच माणसे आणि सामान घेऊन आम्ही कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरलो. ऐन वळणात खड्डा आला की मागची बाजू खाली बसायची, स्टॉपरवर आदळायची आणि वर उसळताना बाहेर सरकायची. प्रत्येक वेळी स्टिअरिंग सावरून घ्यावे लागे. सर्व्हिस सेंटरने अलाइनमेंट केले आणि ‘जड गाडी आहे, असे होणारच’ म्हणून बोळवण केली. मला हे अजिबात मान्य नाही.

इंजिन आणि टाकी आहेच, वर मोटर आणि बॅटरी. म्हणजे दोन संसारांचे ओझे. बॅटरी खाली बसवल्याने गाडी कमी कलते हे खरे, पण वजन कुठे जात नाही. ते पेलायला स्प्रिंग कडक घेतात. मग शॉकअब्सॉर्बरही त्याच ताकदीचा हवा, नाहीतर दबलेली स्प्रिंग उसळते आणि चाकाची रस्त्यावरची पकड सुटते. मागचे चाक गाडीला जोडणाऱ्या आर्मचे बुश नरम पडले, तर वळणावर चाकाची दिशाच किंचित बदलते. मागचे टायर आतल्या कडेने झिजत असतील, तर बुश आधी तपासून घ्यावेत.

टायर बदलताना दुकानदार नुसते माप बघतो. मापानंतर लिहिलेला आकडा 104 असेल तर तो टायर 900 किलो पेलतो, 108 असेल तर 1000. भरल्या गाडीसाठी हवाही वेगळी लागते. हवेचा तो आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर असतो. तो वाचतो कोण?

ट्रकच्या नोंदणीत प्रत्येक ॲक्सलचे वजन लिहितात. खासगी मोटारीच्या आरसीवर ते नसते. भारत एनकॅप या सरकारी सुरक्षा चाचणीचे तारे मुख्यतः धडकेत प्रवाशाचे काय होईल ते सांगतात. स्वीडनमध्ये 1997 साली एका मासिकाच्या चाचणीत मर्सिडीजची ए-क्लास अचानक वळवताना उलटली आणि कंपनीला सस्पेन्शन सुधारावे लागले. तशी चाचणी आपल्याकडे पूर्ण भरलेल्या गाडीवर व्हावी. आणि मागचा ॲक्सल किती वजन पेलतो, त्यातले किती रिकाम्या गाडीनेच खाल्ले आहे, हे दोन आकडे कंपन्यांनी माहितीपत्रकात छापावेत.

— एक निवृत्त एसटी मेकॅनिक, कराड