खुले पत्र: रोबो विचार करतो का ते राहू द्या, सेलचं दार बघा

माननीय मंत्रीमहोदय,

सविनय नमस्कार.

रोबो बसवलेल्या लहान वर्कशॉपांसाठी सुरक्षेची नियमावली सहा महिन्यांत काढू, असा शब्द आपण गेल्या वर्षीच्या बैठकीत दिला होता. नियमावली काही निघाली नाही, समिती मात्र निघाली. तिचा विषय असा: 'मानवसदृश रोबो व कृत्रिम बुद्धिमत्ता स्वतंत्र विचार करू शकतात काय, व त्यांपासून मानवजातीस धोका संभवतो काय.' मानवजातीला थोडं थांबता येईल, साहेब. याच महिन्यात आमच्यातल्या एका कंत्राटी पोराचा उजवा पंजा वेल्डिंग सेलमध्ये, म्हणजे रोबोच्या कुंपणबंद जागेत, चिरडला, त्याला थांबता येत नाही.

तो कसा चिरडला हे समितीने समजून घ्यावं. सहा अक्षांचा रोबो, समोर फिक्स्चर (पार्ट धरून ठेवणारा साचा), पार्ट बसला की नाही हे सांगायला फिक्स्चरमध्ये एक प्रॉक्स, म्हणजे जवळचा धातू ओळखणारा सेन्सर. वेल्डिंगचा स्पॅटर (उडालेले धातूचे थेंब) पार्ट टेकवायच्या लोकेटरवर साचला की पार्ट दीड-दोन मिलिमीटर वर राहतो आणि प्रॉक्सला दिसत नाही. रोबो उभा राहतो. बघणाऱ्याला वाटतं, बंद पडला. खरं तर सर्व्हो, म्हणजे हात हलवणाऱ्या मोटरी, चालू असतात, ब्रेक उघडे असतात आणि प्रोग्राम एकाच ओळीवर अडलेला असतो: इनपुट येईपर्यंत थांब. पोरगा आत गेला, त्याने पार्ट हाताने दाबून बसवला. प्रॉक्सला पार्ट दिसला, इनपुट आलं, रोबो पुढच्या पॉइंटला निघाला. मधे हात होता. आता यात विचार कोणी केला ते समितीने आम्हाला सांगावं.

दार उघडल्याबरोबर सर्व्होची पॉवर जायला हवी होती. दाराला इंटरलॉक स्विच होता की! फक्त त्याची जीभ, म्हणजे दार लागलं की स्विचमध्ये शिरणारी पट्टी, दारावरून दोन स्क्रू काढून सोडवलेली होती, स्विचमध्येच खोचलेली होती आणि वरून काळी टेप मारलेली होती. टेपवर धूळ बसलेली होती, म्हणजे हे काम त्या दिवशीचं नव्हतं. असं का करतात? दार उघडलं की रिसेट, मग रोबो होमला (मूळ जागी), मग सायकल पहिल्यापासून. तीन मिनिटं जातात. शिफ्टमध्ये वीस वेळा पार्ट अडकला की तास गेला, आणि टार्गेट तसंच. फिक्स्चर दुरुस्त करायला लाइन थांबवावी लागते, टेप मारायला नाही लागत. अपघाताच्या कागदावर कारण लिहिलंय 'कामगाराचा निष्काळजीपणा'. आणि रात्री दोनला आमचा फोन वाजतो: लाइन उभी आहे, या आणि चालू करा. सेल पुसायच्या आधी!

हे आमच्याच नशिबात आहे असंही नाही. १९७९ साली अमेरिकेत मिशिगनमधल्या फोर्डच्या कारखान्यात कास्टिंगच्या रॅकवर चढलेल्या कामगाराला रोबोचा हात लागला आणि तो गेला. तिथल्या ज्युरीने १ कोटी डॉलर भरपाई ठरवली. १९८१ साली जपानमध्ये कावासाकीच्या आकाशी कारखान्यात अडलेला रोबो बघायला कुंपणाच्या आत गेलेला माणूस मेला. २०१५ साली आपल्याकडे मानेसरला तेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये दक्षिण कोरियात ढोबळ्या मिरचीचे खोके उचलणाऱ्या रोबोने सेन्सर तपासणाऱ्या तंत्रज्ञालाच खोका समजून धरलं. चारही रोबोंना समोर माणूस आहे हे कळलंच नव्हतं. द्वेष करायला तेवढी तरी अक्कल लागते.

'पण एआय वेगळं आहे' असं समिती म्हणेल. आहेच वेगळं, पण ज्या कारणाने आपण घाबरताय त्या कारणाने नाही. १८ मार्च २०१८ रोजी अ‍ॅरिझोनातल्या टेम्पी शहरात उबरच्या स्वयंचलित गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं. धडकेच्या ५.६ सेकंद आधी ती गाडीला 'दिसली' होती. मग ती कधी वाहन, कधी अनोळखी वस्तू, कधी सायकल ठरत गेली, आणि प्रत्येक वेळी नवं नाव पडलं की ती कुठल्या दिशेने सरकतेय याचा आधीचा हिशेब पुसला जाई. शिवाय खोट्या इशाऱ्यांवर गाडी उगाच थांबू नये म्हणून जोराचा ब्रेक एक सेकंद रोखून ठेवलेला होता. हे माणसांनी बैठकीत बसून ठरवलं होतं. आमच्या काळ्या टेपचीच ही मोठी बहीण.

पीएलसीत, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या साध्या कंट्रोलरमध्ये, निदान लॅडर (त्याचा प्रोग्राम) उघडून कुठल्या ओळीने आउटपुट दिलं ते बोट ठेवून दाखवता येतं. शिकवलेल्या न्यूरल नेटवर्कमध्ये अशी ओळ नसते, कोट्यवधी आकडे असतात. हात का हलला, याचं उत्तर अपघातानंतर बनवणाऱ्यालाही देता येईलच असं नाही. म्हणून जाणकार माणसं सुरक्षेचं सर्किट त्या मेंदूच्या हातात देत नाहीत. ते वेगळं, मुकं, दोन चॅनेलचं ठेवतात, म्हणजे एक वाट बिघडली तरी दुसरी यंत्र थांबवते. आपल्याकडे हे बंधनकारक आहे का, एवढा एकच प्रश्न समितीला विचारा.

आणि तुमचे ते मानवसदृश रोबो! सोफिया डिसेंबर २०१७ मध्ये आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टला साडी नेसून आली आणि सगळे भारावले. ऑक्टोबर २०२४ मध्ये टेस्लाचे ऑप्टिमस पाहुण्यांशी गप्पा मारत होते, तेव्हा लांबून माणसंच त्यांना चालवत होती. जमिनीला बोल्ट केलेल्या रोबोची पॉवर कापली तर ब्रेक लागतात आणि हात जागेवर राहतो. दोन पायांवरच्या रोबोची कापली तर तो कोसळतो, शेजारी असेल त्याच्या अंगावर. लाल बटण दाबणं हाच इथे अपघात! आणि विचार करायला दुसरं कोणी असेल तर? सप्टेंबर २०२५ मध्ये युनिट्री या चिनी कंपनीच्या रोबोंमध्ये ब्लूटूथवरून पूर्ण ताबा घेता येईल अशी फट संशोधकांनी उघड केली. किल्ली सगळ्या यंत्रांत सारखीच. असली यंत्रं आपण शाळा-कॉलेजांच्या प्रदर्शनांत पोरांच्या घोळक्यात सोडतो, आणि फीत तुम्ही कापता.

१९४८ च्या कारखाने कायद्यात विजेवर चालणारा कारखाना दहा कामगारांपासून सुरू व्हायचा. आता वीसपासून. रोबो बसवला की माणसं कमी होतात, हे शाळकरी पोरालाही कळतं. म्हणजे रोबो आला की वर्कशॉप कायद्याच्या बाहेर! वा! कायद्यात उरलेल्या कारखान्यांनी सगळं ठीक असल्याचं स्वतःच लिहून द्यायचं. आयटीआयमधून पोरं टीच पेंडंटला (रोबोला शिकवायच्या हातातल्या रिमोटला) हात न लावता बाहेर पडतात, कंत्राटदार त्यांना दुसऱ्या दिवशी सेलमध्ये उभं करतो, आणि सरकार गुंतवणुकीचे आकडे वाचून दाखवतं. रोबो वीस लाखांच्या आसपास, चांगला इंटरलॉक पाच-सात हजारांचा. आकडा थोडा मागेपुढे होईल, समितीच्या पहिल्या बैठकीच्या बिलापेक्षा कमीच भरेल.

मागणं फार नाही. कामगार कितीही असोत, प्रत्येक रोबो सेलची नोंद करा. दारावरून सोडवता येणार नाही अशा, त्या एकाच स्विचला चालणाऱ्या कोडेड जिभेची इंटरलॉक सक्तीची करा. आत जाणाऱ्याने स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, हे लिहून काढा. टीच मोडमध्ये, म्हणजे माणूस रोबोला शिकवत असताना, सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर वेग नको, हे जगभर पाळतात, इथेही पाळलं जातंय का ते तपासा. लाइट कर्टन (कोणी आडवं आलं की रोबो थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) फिक्स्चरपासून किती लांब आहे ते मोजपट्टी लावून मोजा: माणूस सेकंदाला १.६ मीटर चालतो असं धरतात, रोबोला थांबायला अर्धा सेकंद लागला तरी ८० सेंटिमीटर हवेत, आणि वर हात लांबवण्याची जागा. आम्ही फुटावर लावलेले बघतो. तपासणीला माणूस पाठवाल तेव्हा आधी कळवू नका. कळवलंत की टेप निघते, आणि तुमची गाडी फाटकाबाहेर गेली की परत लागते.

आपले,
चाकण-भोसरी पट्ट्यातले रोबो देखभाल तंत्रज्ञ

ता. क.: समितीत एक तरी जागा मेंटेनन्सवाल्याला द्या. रात्रपाळी संपवून येऊ, प्रवासभत्ता नको.