स्मरणशक्तीच्या पहिल्या नोंदीसाठी देणगीचं आवाहन

मंडळाचे सभासद, त्यांची मुलं-सुना आणि हितचिंतक यांना सप्रेम नमस्कार.

आपली रक्तदाब-साखर तपासणी कोणाच्या भरवशावर उभी राहिली हे नव्याने सांगायला नको. धरमपेठेच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी पेन्शनच्या फरकातून घेऊन दिलेली रक्तदाबाची दोन यंत्रं आजही बिनचूक चालतात. महालातल्या चष्मेवाल्या बंधूंनी नाव छापायचं नाही या अटीवर चष्मे दिले. ती अट आम्ही अजून पाळतो. सक्करदऱ्याच्या भगिनींनी तर मे महिन्याच्या उन्हात भरल्या शिबिराला मठ्ठा पुरवला. त्या सर्वांचं ऋण आहेच.

पण मागच्या शिबिरात साखरेची रांग फाटकापर्यंत गेली आणि शेजारच्या खोलीत स्मरणशक्ती तपासणारे रिकामे बसले. "आम्हाला काय वेड लागलं आहे का?" हेही ऐकून घेतलं. वाईट वाटलं, लपवत नाही.

वेड शोधायची ही तपासणी नाहीच. आपण वापरतो त्या 'मोका' (मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट, म्हणजे स्मरण, लक्ष आणि विचारशक्ती तपासणाऱ्या) चाचणीला ३० गुण असतात. २६ आणि वर ठीक धरतात. आता आयुष्यभर हिशेब सांभाळलेल्या माणसाचे २९ चे २६ झाले, तर कागदावर तो ठणठणीतच दिसतो. उलट चौथी शिकलेल्या आजींना पहिल्यापासून २१ च पडत असतील, तर त्यांना उगाच रुग्ण ठरवलं जातं. १२ वर्षं किंवा कमी शिक्षणाला १ गुण वाढवून मिळतो, पण तेवढ्याने अंतर भरत नाही. म्हणून ज्याची त्याच्याशीच तुलना हवी आणि त्यासाठी पहिला आकडा धडधाकट असतानाच, पन्नाशी-साठीत, लिहून ठेवायला हवा. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर माणूस गोंधळला, तर आधी तो कसा होता हे डॉक्टरांना त्यावरून कळतं. शिवाय गुण घसरण्यामागे बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड, नैराश्य किंवा झोपेच्या गोळ्या असू शकतात. यांवर उपाय होतो. शाकाहारी घरांनी बी-१२ कडे विशेष लक्ष द्यावं.

चाचणी १० मिनिटांची, पण बिघडायला कारणं पुष्कळ. ऐकू कमी येणाऱ्याला लक्षात ठेवायला सांगितलेले पाच शब्द नीट ऐकूच आले नाहीत, तर दोष स्मरणशक्तीवर जातो. भिंतीवर कॅलेंडर असलं की तारीख फुकट मिळते, घड्याळ असलं की चाचणीत काढायचं घड्याळाचं चित्र. लेक शेजारी बसली की उत्तर पुटपुटतेच! रात्रीचं जागरण, ताप किंवा साखर उतरलेली असताना गुण कमी पडतात. आठ-पंधरा दिवसांत तीच चाचणी पुन्हा घेतली तर शब्द पाठ झालेले असतात. आपण वर्षाने घेतो. गुणांसोबत शिक्षणाची वर्षं, भाषा, वेळ, चष्मा आणि कानाचं यंत्र यांचीही नोंद होते, नाहीतर पुढच्या खेपेला तुलना कशाशी करणार?

याला शांत खोली, ऐकण्यासाठी दोन ध्वनिवर्धक, छपाई, कुलुपाचं कपाट आणि मुख्य म्हणजे परीक्षकांचं सशुल्क प्रशिक्षण लागतं. ३०० सभासद, माणशी ३०० रुपये, म्हणजे ९० हजार. जमले ३१ हजार, तेही नेहमीच्याच हातांनी. गणपतीची वर्गणी आपण न मागता देतो, एवढंच म्हणतो.

देणगी कार्यालयात संध्याकाळी ५ ते ७, रविवार बंद. धनादेश मंडळाच्या नावे. आयकर सवलतीसाठी ८०-जी ची पावती मिळेल, मात्र २००० रुपयांवरच्या रोख रकमेला करसवलत नाही, पॅन क्रमांक आणावा. एका सकाळी दोन परीक्षक मिळून १२ जणच होतात, तेव्हा नाव आधी नोंदवा. येताना चष्मा, कानाचं यंत्र, चालू औषधांची यादी. नाश्ता करून यावे. निकाल बंद पाकिटात, फक्त ज्याचा त्याला. गटावर कोणाचे गुण टाकले जाणार नाहीत, कोणी विचारूही नये. पैसे देणं जमत नसेल, तर आठवड्यातून एक सकाळ बसणारे निवृत्त शिक्षक व परिचारिका हव्याच आहेत.

आपला नम्र,
सचिव