पाऊस आणि निऑनच्या पलीकडचा विज्ञानपट

मा. संपादक,

स. न. वि. वि.

इफ्फीचे, म्हणजे गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे, दिवस जवळ आले की भविष्यातील काळवंडलेल्या नगरांवरील विज्ञानपटांची चर्चा आपल्याकडे रंगते आणि तीत ‘फिल्म न्वार’चा, म्हणजे 1940-50 च्या दशकांतील काळोख्या अमेरिकी गुन्हेपटांच्या शैलीचा, उल्लेख हटकून येतो. मात्र भिजलेले रस्ते, निऑनच्या पाट्या आणि खिडकीच्या पट्ट्यांतून आत येणारा उजेड एवढ्यावरच तो बहुधा संपतो, याबद्दल हे पत्र.

बिली वाइल्डर यांच्या ‘डबल इन्डेम्निटी’त (1944) जखमी झालेला विमा एजंट रात्री कचेरीत बसून डिक्टाफोनवर आपल्या गुन्ह्याची कबुली देतो आणि सबंध चित्रपट त्या कबुलीतूनच उलगडत जातो. कथा सांगणाराच गुन्ह्यात बुडालेला असणे, ही न्वारची खरी मिळकत. रिडली स्कॉट यांनी ‘ब्लेड रनर’मध्ये (1982) 2019 सालचे लॉस एंजेलिस उभे करताना न्वारची जवळजवळ सगळी सामग्री वापरली, ‘डी. ओ. ए.’ या जुन्या न्वारपटातली ब्रॅडबरी बिल्डिंगसुद्धा त्यात आहे. स्टुडिओच्या आग्रहाखातर नायकाचे निवेदनही जोडले गेले. गंमत अशी, की 1992 च्या आवृत्तीत ते काढून टाकल्यावर चित्रपट न्वारच्या अधिक जवळ गेला, असे माझे मत आहे. त्या निवेदनात कबुली नव्हतीच, पडद्यावर दिसतच असलेल्या गोष्टींचा खुलासा तेवढा होता. तो गेल्यावर, हुकमाप्रमाणे कृत्रिम माणसे मारणारा आणि हळूहळू स्वतःबद्दलच साशंक होत जाणारा पोलीस प्रेक्षकाच्या अंगावर येतो.

हे साधायला अफाट खर्च लागतो, असेही नाही. फ्रेंच दिग्दर्शक गोदार यांनी ‘आल्फाव्हिल’मधले (1965) संगणकाच्या सत्तेखालचे नगर सेट न उभारता तेव्हाच्या पॅरिसमध्येच, काचेच्या नव्या इमारतींत आणि खऱ्या रात्रीत चित्रित केले. त्या चित्रपटाला बर्लिन महोत्सवात सुवर्ण अस्वल हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. गोव्यात लघुपट करणाऱ्या तरुणांनी तो जरूर अभ्यासावा. जुलैच्या पावसात पणजीच्या पाटो भागातील कचेऱ्या रिकाम्या झालेल्या असताना आणि मांडवीच्या पाण्यात कॅसिनोंचे दिवे हलत असताना आणखी कोणता सेट हवा? उणीव आहे ती पात्राची. 2060 सालच्या गोव्यात नाहीशा झालेल्या कोमुनिदाद (गावाच्या सामाईक मालकीच्या) जमिनीचा माग काढणारा एखादा कारकून, ज्याला जुन्या दस्तऐवजावर अखेर आपलीच सही सापडते, अशी कथा कोणी लिहिली तर तिला उडत्या मोटारींची गरज पडणार नाही. (उडत्या राहोत, पणजीत आहेत त्या मोटारी उभ्या करायलाही जागा नाही.)

गोवा मनोरंजन संस्थेला एक विनंती. मॅकिनेझ पॅलेसमध्ये एक जुना न्वारपट आणि एक भविष्यपट अशा जोड्या सलग दाखवाव्यात, आणि ‘ब्लेड रनर’च्या 1982 व 1992 च्या दोन्ही आवृत्त्या लागोपाठच्या दोन संध्याकाळी ठेवाव्यात.

आपला,
एक चित्रपटरसिक, फोंडा