रक्त परत आलं, मग हृदय दुखावलं कसं?

ती. बाबा आणि आईस,
सा. नमस्कार.

फोनवर बाबांच्या हार्ट अटॅकबद्दल सांगायला लागले की बाबा फोन आईकडं देतात आणि आईला रडू येतं. म्हणून लिहून पाठवतेय. दुपारची जेवणं झाल्यावर आईनं मोठ्यानं वाचावं, आणि बाबांनी मधेच उठून जाऊ नये.

आई, तू विचारलंस, "शीर मोकळी झाली, रक्त चालू झालं, मग दुसऱ्या दिवशी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ४० टक्केच कसं? मी संमतीची सही केली नसती तर?" अँजिओप्लास्टीनंच, म्हणजे बंद शीर फुग्यानं उघडून आत स्टेंटची जाळी बसवण्यानंच, हृदय बिघडलं, असं गल्लीतल्या कुणीतरी तुझ्या डोक्यात घातलंय. त्या बोलण्यात थोडं खरं आहे, आणि तेवढ्यावरच तू रात्ररात्र जागतेस. म्हणून ते खरं किती, हे नीट सांगते.

रक्त थांबलं की स्नायू मरायला लागतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण थांबलेलं रक्त परत येतं तेव्हा तेही थोडी इजा करतं. १९६० साली अमेरिकेत जेनिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या हृदयावर प्रयोग करताना हे पहिल्यांदा नोंदवलं. आमच्या आयसीयूत याला 'रिपरफ्यूजन इंज्युरी' म्हणतात.

२०१९ चा पूर आठवा. पाणी उतरल्यावर बाबांनी कुणालाच मेन स्विच लावू दिला नव्हता. वीज नेहमीचीच होती, पण भिजलेल्या मोटारीला करंट दिला की ती जळते. शीर बंद असताना हृदयाच्या पेशीचीही अशीच गत होते. ऑक्सिजन नसल्यामुळं आत आम्ल साठतं, सोडियम आणि कॅल्शियम वाढत जातं, अर्धवट जळालेलं इंधन पडून राहतं. मग एकदम ताजं रक्त येतं. पहिल्या काही मिनिटांतच ते साठलेलं इंधन भराभर जळतं, त्यातून ऑक्सिजनचे घातक कण तयार होतात, आणि पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाला भोकं पडतात. काही पेशी तिथंच संपतात. वर पांढऱ्या पेशी धावून येतात, केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या सुजतात, तुंबतात. मग मोठी शीर उघडी दिसते, तरी स्नायूच्या काही भागात रक्त पोचतच नाही.

पण घर वाळवायला सवड मिळते, हृदयाला ती मिळत नाही. वाट बघत बसलं असतं तर हृदयाच्या भिंतीचा तो सगळा भागच मेला असता. आई, तू सही केलीस म्हणून उरलेला स्नायू जिवंत आहे. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. रोज असे पेशंट बघते, म्हणून लिहितेय.

शीर उघडल्यावर मॉनिटरवर ठोके वेडेवाकडे पडले आणि तू बाहेर घाबरून गेलीस. रक्त परत आल्यावर तसं बऱ्याचदा होतं आणि बहुतेक वेळा आपोआप थांबतं. बाबांचंही थांबलं.

आता ४० टक्क्यांचं. पंपिंग कमी दिसतंय त्यामागं मेलेला स्नायू आहे, तसा नुसता थिजलेलाही आहे. थिजलेला स्नायू जिवंत असतो, फक्त आकुंचन पावत नाही. काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत तो पुन्हा हलायला लागतो. म्हणूनच डॉक्टरांनी महिना-दीड महिन्यानं परत इको करायला सांगितलंय. आकडा किती वाढेल याचं वचन मी देणार नाही, पण पहिल्या इकोवरून बाबांनी स्वतःला पंगू ठरवू नये.

या इजेवर औषध शोधायला जगभर लोक झटलेत. १९८६ साली कुत्र्यांवर दिसलं की शीर आधी चार वेळा पाच-पाच मिनिटं बंद करून उघडली, तर नंतरच्या मोठ्या अटॅकमध्ये मरणारा स्नायू एक चतुर्थांशावर येतो. केवढी आशा वाटली असेल! पण अटॅक आधी सांगून येत नाही. मग अटॅक आल्यावरही तसाच फायदा होतो का म्हणून बीपीच्या पट्ट्यानं दंडाचं रक्त थोडं थोडं थांबवून बघितलं. त्याची मोठी चाचणी युरोपात ५,००० हून जास्त पेशंटवर झाली, २०१९ मध्ये निकाल आला, आणि फायदा दिसला नाही. सायक्लोस्पोरिन नावाच्या औषधाचंही २०१५ मध्ये तसंच झालं. माणसाच्या हृदयाला या इजेपासून खात्रीनं वाचवणारं औषध आजही आमच्या हातात नाही. हातात आहे तो वेळ. शीर जितका कमी वेळ बंद, तितकं रक्त परत येतानाचं नुकसानही कमी.

बाबा, हे तुमच्यासाठी. त्या रात्री तांबडा रस्सा झाला होता, म्हणून तुम्ही दुखणं पित्तावर ढकललंत. सोडा घेतलात, अंगणात फेऱ्या मारल्यात, आईला उठवायचं नाही म्हणून दूधवाला येईपर्यंत बसून राहिलात. जे गेलं ते जास्त करून त्या तासांत गेलं. मी रागावलेली नाही, पण हे तुम्हाला कळायलाच हवं, नाहीतर दोष आईच्या सहीवर जात राहील.

परत कधी छातीत दाब आला, घाम फुटला, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ गेली, तर रात्रीचे दोन असोत, आधी आईला उठवायचं आणि १०८ ला फोन करायचा. गाडी काढून स्वतः चालवत जायचं नाही. तालमीतल्या पोरांनाही मी सांगून ठेवलंय, हाक मारली की येतील. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर हेच सगळं पुन्हा होईल. रंकाळ्यावरचा फेरफटका हळूहळू वाढवा, दम लागला की थांबा. आईनं सोबत जावं, म्हणजे तिचंही चालणं होईल.

पुढच्या इकोच्या आठवड्यात मी सुट्टी घेतलीय. आधीचे सगळे कागद, सीडीसकट, एका पिशवीत काढून ठेवा.

तुमची,
लेक