हंगामपूर्व सरावालाही क्रीडापानावर जागा हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेतील बेसबॉलचे संघ फेब्रुवारीच्या मध्यापासून फ्लोरिडा आणि अॅरिझोना या उबदार राज्यांत सरावासाठी जमतात. प्रत्येकी 15 संघांच्या या दोन गटांतील सामन्यांचे निकाल मुख्य हंगामात धरले जात नाहीत, तरीही तेथील चाहते आणि वार्ताहर त्यांचा कसून पाठपुरावा करतात. कारण दुखापतीतून सावरलेला गोलंदाज पूर्ववत चेंडू टाकतो का आणि कोणता होतकरू मुलगा मुख्य संघात शिरतो, हे तिथेच कळते. 2008 मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स संघाने करारबद्ध केलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे आपल्याकडचे भालाफेकपटूही फ्लोरिडातील ब्रॅडेंटन येथेच घडत होते.

पायरेट्सचा चाहता म्हणून मी हे वृत्तांत दरवर्षी वाचतो आणि तेव्हा कोल्हापूरच्या फुटबॉलवरील अशा वृत्तांतांची उणीव तीव्रतेने जाणवते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे आणि प्रॅक्टिस क्लबचे सामने सुरू झाले की छत्रपती शाहू स्टेडियम भरते आणि आपले पानही रंगते, मात्र त्याआधी भल्या पहाटे मैदानावर घाम गाळणारी पेठांमधील पोरे कोणाच्याच नजरेस पडत नाहीत. ज्या शहरातला अनिकेत जाधवसारखा खेळाडू 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला, त्या शहरात हे घडावे याचे मनापासून वाईट वाटते.

यंदा खेळाडूंची नोंदणी सुरू होताच प्रत्येक संघाच्या सरावावर निदान एक सविस्तर वृत्तांत, नवोदितांच्या नावांसह, प्रसिद्ध करावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर